तुकडा क्रमांक एक : तण काढू नये

जवसात तण माजलं की जवस कमी येतं, ही गोष्ट १९८५ सालच्या रब्बी हंगामापर्यंत सिद्ध झालेली नव्हती. शेतकऱ्यांना ती ठाऊक होती, त्यांच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती, आणि खुरपं घेऊन उकिडवं बसणाऱ्या बायांच्या तर गुडघ्यांना ठाऊक होती. पण ठाऊक असणं निराळं आणि सिद्ध असणं निराळं. ठाऊक असलेल्या गोष्टीला जावक क्रमांक नसतो, आणि ज्याला जावक क्रमांक नाही ते सरकारच्या लेखी घडलेलं नसतं.

ते घडवून आणण्याची जबाबदारी जालना रस्त्यावरच्या सांडूवाडीच्या शिवारातल्या शासकीय तेलबिया प्रक्षेत्रावर येऊन पडली. त्यालाही कारण होतं. औरंगाबादेच्या भोवती त्या काळी ज्वारीच्या रानांतून कारखान्यांची छपरं उगवत होती. छपरांना रंग लागतो आणि रंगाला जवसाचं तेल लागतं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चटणीपुरतं उरलेलं जवस एकाएकी राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं. वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं की तणनियंत्रणाचा जवसाच्या उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहावं, आणि तो अनुकूल होतो असं कळवावं.

प्रयोग सोपा होता. पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे, चारही कोरडवाहू, आणि चार पाट्या. पहिल्या तुकड्यावर लिहिलं होतं, ‘तण काढू नये’. दुसऱ्यात विसाव्या दिवशी एक खुरपणी करायची. तिसऱ्यात विसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी अशा दोन करायच्या. चौथ्यात खुरपं लावायचंच नाही, फक्त तणनाशक औषध मारायचं. शेवटी चारही तुकड्यांचं जवस वेगवेगळं तोलायचं, की झालं सिद्ध.

पाट्या रोवल्या मल्हारीनं. मल्हारी मुंजाबा रूपनर हा प्रक्षेत्रावरचा रोजंदारी मजूर. जातीनं धनगर, घरात पूर्वापार मेंढरं; पण रानं कारखान्यांनी धरली तशी चराई आटली, म्हणून मेंढरं थोरल्या भावाकडं देऊन हा सरकारी कुंपणाच्या आत आला. त्याला अकरा वर्षं झाली होती. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम होण्याला पात्र ठरतो असा नियम होता, आणि नियम कुणी मोडू नये म्हणून दर साली दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी लिपिक रामकिसन त्याला सांगायचा, “मल्हारी, उद्या येऊ नको.” परवा तो पुन्हा यायचा आणि एकपासून सुरुवात व्हायची. अकरा वर्षांची नोकरी झाली होती आणि त्यातलं एकही वर्ष पुरं नव्हतं.

त्यामुळे पाट्या रोवून झाल्यावर काकासाहेबांनी जे सांगितलं ते ऐकून मल्हारीच्या हातातली पहार खाली पडली. काकासाहेब पळसकर म्हणजे प्रक्षेत्राचे अधिकारी. तणशास्त्रात पदवी घेतलेले. गावाकडं घरची चाळीस एकर बागायत, राहायला पुंडलिकनगरात नवं घर, आणि येणं-जाणं स्कूटरवर, पँटच्या पायांना चिमटे लावून. तणावर त्यांचे दोन निबंध छापून आले होते. तण उपटण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर कधी आला नव्हता.

“एक कायम जागा मंजूर होणार आहे,” काकासाहेब म्हणाले. “हा प्रयोग नीट पार पडला तर तुझं नाव वर पाठवतो. नीट म्हणजे नीट. कळलं?”

“कळलं सायेब.”

“काय कळलं?”

“येकात तण ठिवायचं. बाकीच्यात नाय ठिवायचं.”

इतकं सोपं काम अकरा वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

विसावा दिवस उजाडला आणि खुरपणीच्या बाया आल्या. बारा जणी. त्यांची पुढारीण गोजरबाई, गावाच्या पूर्वेच्या बौद्धवस्तीतली, साठीला टेकलेली, पण हात असा की खुरपं जमिनीला लागलेलं दिसायचं नाही आणि मागं रान मात्र विंचरल्यासारखं. मल्हारीची बायको बानाबाई याच टोळीत. मल्हारीनं सगळ्यांना बांधावर उभं करून काकासाहेबांचा हुकूम सांगितला. दोन नंबर, तीन नंबर खुरपा. एक नंबरात पाय ठेवू नका. चार नंबरात ठेवू नका. बाया ‘व्हय’ म्हणाल्या आणि आपापली पात धरून बसल्या. मल्हारी विहिरीवर गेला.

दुपारी परत येतो तो एक नंबरचा तुकडा आरशासारखा लख्ख.

“गोजराक्का, हे काय केलं?”

गोजरबाईनं वळून पाहिलं. ती स्वतःच थोडी बुचकळ्यात पडली. “पात संपली, बांध आला, बांधापल्याड तण दिसलं. हात थांबंना रे बाबा. तण ठिवून उठायचं म्हंजी ताटात खरकटं ठिवून उठल्यावानी वाटतं.”

“अन् म्या सांगितलं व्हतं त्याचं काय?”

“त्ये कानाला सांगितलं व्हतं तू. हाताला कुठं सांगितलं?”

यात आणखी एक गोष्ट होती, जी परिपत्रक काढणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या भागात रीत अशी की खुरपताना जी खायची भाजी निघेल ती खुरपणारीची. मालक कितीही कंजूष असला तरी बाईनं लुगड्याच्या ओट्यात खोचलेल्या भाजीकडं बघत नाही. थंडीच्या दिवसांत जवसात चंदनबटवा येतो, तांदुळजा येतो, आणि एक नंबरात तो कोवळा लुसलुशीत आला होता. बारा बायांचे बारा ओटे भरले. त्या संध्याकाळी मल्हारीच्या ताटात भाकरीबरोबर चंदनबटव्याची लसूण घातलेली भाजी पडली. दोन घास खाल्ल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण शासकीय प्रयोगाचा पहिला तुकडा खातो आहोत. भाजी फार चांगली झाली होती. त्यानं अजून मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी तो तुकडा पाहिला आणि बांधावर मटकन बसले.

“मल्हारी, अरे, तणच नाही तर तणानं नुकसान होतं हे दाखवायचं कशावरून? हा तुकडा गेला म्हणजे प्रयोग गेला. प्रयोग गेला म्हणजे...” ते पुढचं बोलले नाहीत. पण मल्हारीला पुढचं ऐकू आलं. पुढं कायम जागा होती.

मल्हारीनं रात्रभर विचार केलेला होता. तो म्हणाला, “सायेब, येवढं काय त्यात? चार नंबराचं औषध आजून आलं नाय. तिथं तण हाय तसं हाय. चार नंबराची पाटी हितं रवू, हितली पाटी तिकडं रवू. झालं का नाय?”

सूचना अशी होती की तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. एवढ्यावर ही गोष्ट संपलीही असती. पण कचेरीत ती सूचना ऐकल्याबरोबर लिपिक रामकिसन उठला आणि त्यानं आधी दार लावलं, मग खिडकी. रामकिसन औरंगाबादच्या छावणीतला. बोलताना मराठी, घाबरला की हिंदी.

“आहिस्ता बोल बाबा. काय म्हणालास? नाव बदलायचं?”

“नाव नाय, पाटी.”

“तेच ते. अरे, मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव दोन्ही सभागृहांनी करून सात वर्षं झाली. कमानीवरचं एक अक्षर हललं नाही. किती माणसं मेली, किती घरं जळाली, रोज एक मोर्चा, रोज एक बंद. आणि तू इथं चहाच्या आधी पाटी बदलायला निघालास? ‘पाटीवरील नाव बदलणेबाबत’ असा विषय लिहून मी कागद वर पाठवू? कायकू झंझट?”

काकासाहेब गंभीर झाले. “हे बघ मल्हारी, माझा व्यक्तिशः नाव बदलायला विरोध नाही. मुळीच नाही. बाबासाहेबांविषयी मला आदरच आहे. पण लोकांच्या भावना असतात. वेळ यावी लागते.”

“जवसाच्या तुकड्यात कोनाच्या भावना आल्या सायेब?”

“भावना कुठंही असतात,” काकासाहेब म्हणाले. “दिसत नाहीत, एवढंच.”

तेव्हा ठरलं असं की पाटी जिथं आहे तिथंच राहील, आणि पाटीखाली जे नाही ते आणलं जाईल. त्या काळी मराठवाड्यात हा मार्ग सर्वांत शांततेचा समजला जात असे.

आता तण आणायचं कुठून? रामकिसननं दरसूची उघडली. तिच्यात जवसाच्या बियाण्याचा दर होता, करडईचा होता, दोरीचा आणि टोपलीचाही होता. तणाच्या बियाण्याचा नव्हता. सरकार गेली चाळीस वर्षं ज्याच्यावर मोहिमा काढत होतं ते विकत कसं घ्यायचं, याची तरतूद कुठंही नव्हती. तीन दुकानांकडून दरपत्रकं मागवावीत असं काकासाहेब म्हणाले. रामकिसन औरंगपुऱ्यातल्या बी-बियाण्याच्या तीन दुकानांत जाऊन आला. एकानं विचारलं, तब्येत ठीक आहे ना? दुसऱ्यानं मोसंबीचा रस पाजला. तिसऱ्यानं मात्र सांगितलं की आमच्या कुठल्याही पिशवीत तुम्हाला ते मोफत मिळेल. पण मोफत वस्तूची पावती मिळत नाही, आणि पावतीशिवाय आलेलं तण म्हणजे बेकायदा तण.

शेवटी मल्हारीच म्हणाला, “सायेब, तण पायजे ना? माझ्या भावाच्या मेंढवाड्यात या.”

धनगराच्या पोराला जे चालता यायच्या आधी कळतं ते तणशास्त्राच्या पदवीधराला त्या दिवशी कळलं. मेंढरं दहा शिवारांतलं गवत खातात, त्या गवताचं बी त्यांच्या पोटातून लेंडीत उतरतं, आणि लेंडी पडली त्या रानात तण असं फुटतं की बोट घालायला जागा राहत नाही. मल्हारीच्या भावानं तीन दिवस बैलगाडीनं लेंडीखत आणून टाकलं. सारी सांडूवाडी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. कुंपणाला टेकून म्हातारे विड्या ओढत होते आणि बारक्या पोरांसारखे गाड्या मोजत होते. खत विस्कटून झालं, पण जमीन कोरडी. बी रुजणार कसं? मग ‘तण उगवणीसाठी तातडीची बाब’ म्हणून एक नंबराला विहिरीचं पाणी दिलं. पंधरवड्यानं तण सुकेल की काय असं वाटलं, म्हणून आणखी एक पाणी दिलं.

“सायेब,” मल्हारी एकदा हळूच म्हणाला, “ह्यानं तण तर वाढंल, पर लेंडीखतानं जवस बी...”

“तू तणाकडं लक्ष दे,” काकासाहेब म्हणाले.

तण आलं, आणि असं आलं की बघत राहावं. काकासाहेब चौरस मीटरची लाकडी चौकट घेऊन रोज मोजू लागले. आणि मल्हारीला लेखी हुकूम निघाला की त्यानं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तणाची राखण करावी. दुसऱ्याच्या रानात ज्वारी राखतात, हरभरा राखतात. मल्हारी गोफण घेऊन चंदनबटवा राखू लागला. सगळ्यात अवघड राखण घरच्या माणसापासून होती.

“चार पानं घेतली तर काय सरकार बुडल का?” बानाबाईनं विचारलं.

“बुडल.”

“मग आज नुसत्या मिठासंगं खा.”

त्यानं खाल्लं. कायम नोकरी लागल्यावर काय काय खायचं, याचा विचार करत खाल्लं.

तिकडं बाकीचे तुकडेही आपापल्या मार्गानं चालले होते. चौथ्या तुकड्याचं औषध पेरणीनंतर दोन दिवसांत, तण उगवायच्या आत मारायचं होतं. ते सगळी प्रक्रिया पूर्ण करून पस्तिसाव्या दिवशी आलं. आलेलं औषध न वापरणं हा शासकीय मालाचा अपव्यय ठरला असता, म्हणून ते मारलं. चार दिवसांत जवस पिवळं पडून माना टाकून बसलं. हरळीला ते औषध मानवलं असावं, कारण ती जास्तच हिरवी दिसू लागली.

तिसऱ्या तुकड्याची दुसरी खुरपणी चाळिसाव्या दिवशी होती, आणि नेमका त्याच दिवशी औरंगाबादला नामांतराचा मोर्चा निघाला. गोजरबाई आदल्या दिवशीच सांगून गेली, “उद्या आमी सात जणी नाय येनार. बाकीच्यांचं तुमी बघा.” बाकीच्या पाच जणी, सात जणी नाहीत म्हटल्यावर आल्या नाहीत. काकासाहेब दिवसभर अस्वस्थ होते.

“माझा विरोध मोर्च्याला नाही,” ते रामकिसनला म्हणाले. “पण चाळिसाव्याच दिवशी का? एकोणचाळिसावा होता, एक्केचाळिसावा होता.”

खुरपणी एक दिवस पुढं ढकलली तर प्रयोग बिघडणार. म्हणून ती झाली असं लिहिण्यात आलं. हजेरीपटावर बाराही जणी हजर लागल्या. त्या दिवशी गोजरबाई क्रांती चौकात घोषणा देत होती आणि सांडूवाडीत जवसही खुरपत होती, आणि या दोन्ही ठिकाणी तिच्या असण्याची सरकारदरबारी नोंद झाली.

फाल्गुनात कापणी, मळणी, तोलणी झाली. काट्यासमोर काकासाहेब वही घेऊन उभे राहिले. दुसऱ्या तुकड्यात बावीस किलो निघालं. तिसऱ्यात एकवीस. चौथ्यात सहा. आणि पहिल्या, तण काढू नये अशी पाटी असलेल्या तुकड्यात निघालं एक्केचाळीस. काकासाहेबांनी पुन्हा तोलायला सांगितलं. पुन्हा एक्केचाळीसच भरलं.

मल्हारीला नवल वाटलं नाही. अकरा गाड्या लेंडीखत आणि दोन पाणी पिऊन जवस गप्प बसणार होतं थोडंच! पण हे अहवालात कसं लिहायचं? खताची मंजुरी नव्हती, पाणी नियमात नव्हतं. म्हणजे खत पडलेलं नव्हतं आणि पाणी दिलेलं नव्हतं. जे घडलेलं नाही ते वजा केल्यावर पहिल्या तुकड्यात एकच गोष्ट उरत होती, ती म्हणजे तण. काकासाहेब तीन दिवस रजेवर गेले. चौथ्या दिवशी येऊन त्यांनी अहवाल लिहायला घेतला, आणि प्रामाणिक माणसाच्या जड अंतःकरणानं निष्कर्ष लिहिला : जवस पिकात तण राखल्यास उत्पादनात सुमारे दुपटीनं वाढ होते.

आता तरी वर कुणीतरी हसेल, अशी त्यांना भीती होती आणि थोडी आशाही होती. कुणी हसलं नाही. वरच्या कार्यालयाला निष्कर्ष फार पसंत पडला. खुरपणी नको, औषध नको, मजूर नकोत आणि उत्पादन दुप्पट! इतका काटकसरीचा शोध खात्याच्या इतिहासात लागला नव्हता. पुढच्या रब्बीच्या तोंडाशी नवं परिपत्रक निघालं. त्यात ‘तणसंवर्धित जवस योजना’ होती, गावोगाव वाटायच्या तणबियाण्याच्या पुड्या होत्या, आणि शेवटच्या दोन परिच्छेदांत दोन गोष्टी होत्या. प्रक्षेत्रावरील खुरपणी मजुरांची आवश्यकता उरली नसल्यानं त्यांना कमी करण्यात यावं. आणि तणाच्या राखणीसाठी तणरक्षक हे एक कायम पद मंजूर करण्यात येत आहे.

बारा बाया कमी झाल्या. त्यांत बानाबाईही होती.

आठ दिवस गेले. मग एका सकाळी भाकरी थापता थापता बानाबाई म्हणाली, “गोजराक्कानं दरखास्त लिव्हून घेतली पोराकडून. लेंडीखतामुळं जवस आलं, तणामुळं नाय, आमाला कामावर घ्या, आसं लिव्हलंय. म्या बी अंगठा दिलाय. चौकशीला सायेब येनार हाय.”

मल्हारी चुलीकडं बघत राहिला. “माझा हुकूम निघालाय. रामकिसनच्या टेबलात हाय. दरखास्त निकालात निघाली की हातात देनार म्हनला.”

“तुमी काय बोलायचं ते तुमी ठरवा,” बानाबाई म्हणाली. “म्या सांगनार नाय.” ती सांगत नाही म्हटल्यावर त्याला जास्त जड गेलं.

चौकशी सांडूवाडीतच भरली, मारुतीच्या पारावर. औरंगपुऱ्यातल्या कचेरीतून चौकशी अधिकारी आले. खुर्च्या मांडल्या, सतरंजी अंथरली. दोनशेक माणूस जमलं. गावकरी पारावर आणि सतरंजीवर बसले, आणि गोजरबाईसह बौद्धवस्तीतल्या सात जणी खाली मातीत. तसं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. बानाबाई सतरंजीवर बसलेली होती. ती उठली आणि जाऊन गोजरबाईच्या शेजारी बसली. पारावर थोडी कुजबुज झाली आणि थांबली.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला. “लेंडीखत टाकलं, असं तुमचं म्हणणं. कुणी पाहिलं?”

“आमी पायलं,” गोजरबाई म्हणाली.

“तुम्ही अर्जदार. अर्जदाराची साक्ष अर्जदाराच्या उपयोगाची नाही. त्रयस्थ कुणी?”

गोजरबाईनं पाराकडं पाहिलं. गाड्या मोजणारे म्हातारे तिथं बसले होते. त्यांतल्या एकाच्या नातवाला काकासाहेबांच्या चिठ्ठीवर कारखान्यात नोकरी लागायची होती. दुसऱ्याला प्रक्षेत्राच्या विहिरीवरून पाइप न्यायचा होता. बाकीच्यांना काहीच नको होतं, पण पुढं-मागं लागलं असतं. प्रत्येकानं तणबियाण्याची पुडी सही करून घेतली होती, परसात फेकून दिली होती, आणि आपलं जवस नेहमीसारखं खुरपून घेतलं होतं. त्यामुळे योजना गावात शंभर टक्के यशस्वी झाल्याचा आकडा आदल्याच आठवड्यात वर गेला होता.

कुणी बोललं नाही.

“अठ्ठ्याहत्तरला आमची घरं पेटली तव्हा बी आसंच पंचनाम्यात लिव्हलं व्हतं,” गोजरबाई शांतपणे म्हणाली. “गावानं काय पायलं नाय म्हनून. समदा गाव जागा व्हता, सायेब. उजेड लई पडला व्हता.”

“तो विषय आजच्या कार्यसूचीवर नाही,” अधिकारी म्हणाले. आणि खरोखरच तो नव्हता. “खताबद्दल सांगा. ज्यानं टाकलं असेल असा कुणी?”

“हा मल्हारी. ह्याच्याच भावाच्या गाड्या.”

दोनशे माना वळल्या. मल्हारी उभा राहिला. रामकिसन खुर्चीमागं कागदांचं पुडकं घेऊन उभा होता आणि त्या पुडक्याच्या वरच मल्हारीचं नाव टंकलेलं होतं. दहा पावलांवरून ते वाचता येत होतं, आणि मल्हारीला वाचता येत नसतानाही त्याला ते आलं. बारा वर्षं. दोनशे एकोणचाळीस गुणिले बारा. त्यानं गोजरबाईकडं पाहिलं नाही. बानाबाईकडं पाहिलं, आणि ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती मातीतलं एक हरळीचं मूळ नखानं उकरत होती.

“काय मल्हारी रूपनर? लेंडीखत टाकलं होतं का?”

त्याला वाटलं, दुसरं कुणीतरी एकानं बोलावं. एकानंच. मग आपल्यालाही बोलता येईल. तो थोडा वेळ थांबलादेखील.

“मला काय ठाव नाय, सायेब,” तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं : उपस्थितांपैकी कोणीही अर्जातील मजकुरास दुजोरा दिला नाही. सबब अर्ज निकाली. मग चहा झाला. मल्हारीला हुकूम मिळाला आणि तो कायम झाला. गोजरबाई उठली, लुगडं झटकलं आणि घराकडं निघाली. बानाबाई तिच्याबरोबर गेली. ती संध्याकाळी घरी परतली, स्वयंपाक केला, वाढलं. पण त्या दिवसापासून मल्हारीशी ती कामापुरतंच बोलू लागली, आणि कायम नोकरीत हे असं किती वर्षं चालणार याचा हिशेब त्याला करता येईना. ती वाढत राहिली आणि तो खात राहिला.

ही हकिकत वाचून मल्हारीचा राग आला असेल, तर तो रास्त आहे. खोटं बोलला तो. गावातही त्या दिवसापासून त्याला नावं ठेवतात. म्हातारे विडी ओढता ओढता म्हणतात, एवढं खरं बोलायला काय जात होतं मेल्याचं? फक्त एवढं ध्यानात घ्या की त्या पारावर दोनशे माणसं होती, आणि नाव घेऊन विचारलं गेलं ते एकट्या मल्हारीला. बाकीच्यांना कुणी काही विचारलंच नाही, त्यामुळे त्यांना खोटं बोलायची वेळ आली नाही. ते सगळे सज्जन राहिले. आपण त्या सतरंजीवर कुठल्या कोपऱ्यात बसला होता, हेही अजून आपल्याला कुणी विचारलेलं नाही.